वादळी वाऱ्यातही बाग उभी राहावी म्हणून...

गंगाखेड : एप्रिल-मे महिन्यांत गोदावरीकाठच्या या तालुक्यात दुपारचा पारा चाळिशी ओलांडतो, हवा कोंडते आणि उन्हे कलताना क्षितिजावर काळा ढग उभा राहतो. पावसाचे चार थेंब पडण्याआधी वारा येतो. वळवाचा हा वारा बहुधा अर्धा-पाऊण तासापेक्षा अधिक टिकत नाही. पण तेवढ्या अवधीत पाडाला आलेल्या आंब्यांचा सडा पडतो, घडांनी लगडलेल्या केळी कमरेतून मोडतात आणि एखादे जुने झाड मुळासकट आडवे होते. नेमका याच काळात मराठवाड्यातला केशर आंबा काढणीला येत असतो. त्यामुळे दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांत गळालेल्या फळांचे आकडे येतात. पडलेल्या झाडांची चर्चा मात्र फारशी होत नाही.

वास्तविक खरे नुकसान तेथेच असते. फळ गेले तर एक हंगाम जातो. झाड गेले तर अनेक वर्षे जातात. कलमी आंब्याला पहिली फळे धरायला चार-पाच वर्षे लागतात आणि भरघोस उत्पन्न सुरू व्हायला त्याहूनही अधिक. मोसंबीचे झाडही साधारण पाचव्या वर्षापासून व्यापारी उत्पन्न देऊ लागते. दहा वर्षांचे झाड उन्मळून पडले, तर त्याच खड्ड्यात दुसऱ्या दिवशी नवे रोप लावले तरी मालकाला पुन्हा तेवढाच काळ थांबावे लागते. म्हणूनच वादळापासून संरक्षणाचा विचार करताना पहिला प्रश्न फळांचा नसून झाडाचा असला पाहिजे. आणि झाड वाचवण्याची बहुतेक कामे ढग दिसल्यानंतर नव्हे, तर कित्येक महिने, किंबहुना कित्येक वर्षे आधी करावी लागतात.

वाऱ्याचे गणित

उन्हाळ्यात तापलेल्या जमिनीवरची हवा वेगाने वर चढते आणि तिला बाष्पाची जोड मिळाली की उंच गडगडाटी ढग तयार होतात. ढगातून पाऊस वा गारा पडू लागल्या की त्यांच्याबरोबर थंड, जड हवा खाली कोसळते आणि जमिनीवर आपटून सर्व दिशांना पसरते. पावसाच्या आधी अंगावर येणारा गार झोत तो हाच. वाऱ्याचा वेग अचानक ताशी किमान २९ किलोमीटरने वाढून ४० किलोमीटर किंवा त्याहून अधिक झाला आणि तो निदान एक मिनिट टिकला, तर हवामानशास्त्रात त्याला चंडवात म्हणतात.

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, ही गोष्ट बागायतदाराने ध्यानात ठेवावी अशी आहे. ताशी ४० किलोमीटर वेगाचा वारा त्याला आडव्या असलेल्या एक चौरस मीटर सपाट पृष्ठभागावर सुमारे साडेसात किलो वजनाएवढा दाब देतो. वेग दुप्पट म्हणजे ८० किलोमीटर झाला की हा दाब दुप्पट न होता चौपट, म्हणजे सुमारे ३० किलो होतो. १२० किलोमीटरला तो नऊपट होऊन ६५ किलोंच्या पुढे जातो. झाडाची पाने व फांद्या वाऱ्यात वाकतात, त्यामुळे प्रत्यक्ष भार यापेक्षा कमी असतो. तथापि दाट, गच्च पानोऱ्याचे झाड शिडासारखे वारा धरते. शिवाय पानोरा जितका उंच, तितका बुंध्यावर व मुळांवर येणारा ताण अधिक. लांब दांड्याची पहार जशी कमी जोरात दगड उलथवते, तसेच हे आहे. यावरून दोन गोष्टी निघतात. वाऱ्याचा वेग थोडा जरी कमी करता आला, तरी दाब मोठ्या प्रमाणात घटतो. आणि झाडाची उंची व दाटी आटोक्यात ठेवली, तर तोच वारा त्याला पेलवतो.

दोन प्रकारच्या जमिनी, दोन प्रकारचे धोके

गंगाखेड तालुक्याच्या उत्तर अंगाला गोदावरीच्या खोऱ्यातील खोल काळी जमीन आहे, तर दक्षिण अंगाला बालाघाटाच्या डोंगररांगांतील उथळ, मुरमाड जमीन. वाऱ्याशी झुंजताना या दोन जमिनी झाडाला वेगवेगळा आधार देतात.

काळ्या जमिनीतील चिकणमाती पाणी मिळताच फुगते आणि सुकताच आकसते. उन्हाळ्यात तिला रुंद भेगा पडतात आणि बारीक मुळे तुटतात. पावसाळ्यात हीच जमीन लोण्यासारखी मऊ होते व मुळांवरची तिची पकड सैल पडते. म्हणून सलग पावसानंतर आलेला वारा काळ्या रानातील झाड मुळासकट उपटतो, तर उन्हाळ्यातील कोरड्या वाऱ्यात बुंधा जागेवर राहून फांद्या चिरतात. मुरमाड जमिनीत माती घट्ट असते, पण थर पातळ असल्याने मुळे खोल न जाता पसरतात. तेथे खड्ड्याचा आकार आणि खडक फोडण्याची पद्धत निर्णायक ठरते.

दुष्काळाचाही येथे संबंध येतो. २०१२-१३ च्या टंचाईत मराठवाड्यातील मोसंबीच्या अनेक बागा वाळल्या. अशा वर्षांतून वाचलेल्या झाडांत वाळक्या फांद्या आणि मेलेली मुळे मागे राहतात. बाहेरून हिरवे दिसणारे झाड आतून पोकळ झालेले असते आणि पुढच्या एखाद्या वळवात ते मोडते. खोडकिडा, साल खाणारी अळी व वाळवी यांनी पोखरलेल्या बुंध्यांचीही तीच गत होते. वाऱ्याने झाड पाडले असे आपण म्हणतो. पण पुष्कळदा वाऱ्याने केवळ आधीचे दुखणे उघड केलेले असते.

कोकण आणि गीरचा धडा

समुद्रापासून दूर असलेल्या परभणी जिल्ह्यात चक्रीवादळ आपल्या पूर्ण जोरानिशी पोहोचत नाही. परंतु झाडे पडल्यावर काय होते, हे किनाऱ्यावरील दोन घटनांनी स्पष्ट दाखवले. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ ताशी ११० ते १२० किलोमीटर वेगाच्या वाऱ्यांसह रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, अलिबाग तसेच रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली-मंडणगड या पट्ट्यांत नारळ, सुपारी व आंब्याच्या बागा भुईसपाट झाल्या. राज्य शासनाने बागायतीची मदत हेक्टरी १८ हजारांवरून ५० हजार रुपयांपर्यंत वाढवली. मात्र कोकणातील वाड्या गुंठ्यांत मोजाव्या एवढ्या लहान असतात. हेक्टरी हिशेबाने हाती येणारी रक्कम आणि पडलेल्या झाडांचे मोल यांचा मेळ बसेना, म्हणून पुढे नारळ-सुपारीसाठी झाडांच्या संख्येवर मदत देण्याचा निर्णय करावा लागला.

पुढच्याच वर्षी, १७ मे २०२१ च्या रात्री ‘तौक्ते’ चक्रीवादळ सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर, दीव आणि उना यांच्या परिसरात धडकले. गीर सोमनाथ व अमरेली जिल्ह्यांतील केशर आंब्याच्या बागांत जुनी, मोठी झाडे उन्मळून पडली. मराठवाड्याला ही घटना परकी नाही. जुनागढच्या नवाबांच्या काळात, १९३४ मध्ये ‘केशर’ हे नाव मिळालेल्या याच जातीने मराठवाड्यात आपले बस्तान बसवले आणि २०१६ मध्ये ‘मराठवाडा केशर’ला भौगोलिक मानांकनही मिळाले. फळे उतरवण्याच्या ऐन दिवसांत वादळ आले आणि तेथील बागायतदारांनी एका रात्रीत त्या वर्षीचे पीक व पुढील अनेक वर्षांची झाडे अशी दोन्ही गमावली.

पाया लागवडीच्या दिवशीच

झाडाची वाऱ्यातली ताकद मुळांत असते आणि मुळांचे भवितव्य लागवडीच्या दिवशी ठरते. पिशवीत फार दिवस राहिलेल्या रोपाची मुळे गोल गुंडाळलेली असतात. असे रोप तसेच लावले तर मुळे गुंडाळीतच जाड होतात आणि झाड मोठे झाल्यावर ते खुंटासारखे उपटून निघते. रोप लावताना पिशवी पूर्ण काढावी, तळाची वळलेली मुळे धारदार कात्रीने कापावीत व उरलेली मोकळी करून पसरावीत. आंब्याच्या बाबतीत खड्ड्यातच गावठी कोय रुजवून पुढे त्यावर जागेवर कलम करण्याची पद्धत अधिक भक्कम झाड देते. कारण सोटमुळाला धक्का न लागता ते सरळ खोल जाते.

खड्डा साधारणतः एक मीटर लांब, रुंद व खोल घ्यावा. काळ्या जमिनीत खड्ड्याच्या बाजू फावड्याने गुळगुळीत होतात. त्या खरवडून घ्याव्यात, अन्यथा मुळे कुंडीत असल्याप्रमाणे आतच फिरतात. पावसाचे पाणी बुंध्याशी साचू नये म्हणून खोल काळ्या जमिनीत गादीवाफ्यावर किंवा वरंब्यावर लागवड करावी. कलमाचा जोड जमिनीच्या वर राहील आणि डोळा किंवा कलम भरलेली बाजू वाऱ्याच्या दिशेला येईल, असे रोप बसवावे. जोड हा पहिल्या वर्षांतील सर्वांत कच्चा भाग असतो.

रोपाला आधार द्यावा, पण जखडू नये. रोपापासून थोड्या अंतरावर दोन बांबू रोवून सुतळी किंवा कापडी पट्टी इंग्रजी आठच्या आकड्यासारखी सैल बांधावी. बांधणी उंचीच्या खालच्या तिसऱ्या भागात असावी. वाऱ्यात थोडे डुलणारे रोप बुंधा जाड करते आणि मुळे पसरवते. घट्ट बांधलेले रोप उंच होते, पण पोसलेले नसते. एखाद-दीड वर्षाने आधार काढून टाकावा. काढायचा राहिला तर सुतळी सालीत रुतते आणि झाड पुढे नेमके तेथेच मोडते.

ठिबक सिंचनाने मराठवाड्यातील फळबागा तगवल्या, यात शंका नाही. मात्र नळी वर्षानुवर्षे बुंध्याशीच राहिली तर मुळेही तेवढ्याच ओल्या वर्तुळात कोंडतात. झाड वाढेल तसे ड्रिपर पानोऱ्याच्या कडेपर्यंत सरकवावेत, मोठ्या झाडाला दोन्ही बाजूंनी नळी द्यावी आणि रोज थोडे पाणी देण्याऐवजी अंतराने भरपूर पाणी द्यावे. त्यामुळे मुळे पाण्याच्या शोधात खोल व दूर जातात.

छाटणी : उंची कमी, सांगाडा मजबूत

फळझाडाचा सांगाडा पहिल्या तीन वर्षांत घडतो. जमिनीपासून पाऊण ते एक मीटरपर्यंत एकच सरळ बुंधा ठेवावा आणि त्यावर वेगवेगळ्या उंचीवर, वेगवेगळ्या दिशांना तीन-चार मुख्य फांद्या वाढू द्याव्यात. इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारख्या अरुंद बेचक्यात दोन फांद्यांची साल आत दाबली जाते व सांधा कधीच एकजीव होत नाही. वादळात फांदी उभी चिरते ती बहुधा येथेच. अशा दोनपैकी एक फांदी लहानपणीच काढावी.

पूर्वी आंबा १० बाय १० मीटर अंतरावर, हेक्टरी १०० झाडे अशा रीतीने लावला जाई. आता ५ बाय ५ मीटरवर हेक्टरी ४०० झाडांची घन लागवडही होते. घन लागवडीत झाडे बुटकी राहतात आणि एकमेकांना आडोसा देतात. मात्र दर वर्षी छाटणी केली तरच. छाटणी चुकली की हीच झाडे प्रकाशासाठी स्पर्धा करत उंच व लुकडी होतात आणि धोका उलट वाढतो.

आंब्याची छाटणी फळे उतरल्यावर दोन-तीन आठवड्यांच्या आत उरकावी, म्हणजे नवी फूट मोहोरापूर्वी पक्व होते. मधल्या दाट, वाळक्या व एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढून पानोऱ्याला झरोके पाडावेत; वारा त्यातून निघून जातो. फक्त आतल्या फांद्या साफ करून टोकाला पानांचा झुबका ठेवण्याची चूक करू नये, कारण त्याने भार टोकावर जातो. जुन्या उंच झाडाची उंची एकदम न उतरवता दोन-तीन वर्षांत टप्प्याटप्प्याने कमी करावी. ऐन उन्हाळ्यात भारी छाटणी टाळावी. उघड्या पडलेल्या फांद्यांची साल उन्हाने करपते.

वारा अडवू नये, गाळावा

शेताच्या कडेला भिंत बांधली तर वारा थांबेल, असे वाटते. प्रत्यक्षात भरीव अडथळ्यावरून वारा उसळतो आणि पलीकडे भोवरे करून अधिक जोराने आदळतो. चांगला वारारोधक चाळणीसारखा असावा. त्यात ४० ते ५० टक्के मोकळी जागा असली की वाऱ्याचा काही भाग आतून झिरपतो व एकूण वेग मंदावतो. वारारोधक झाडांच्या उंचीच्या सुमारे दहापट अंतरापर्यंत चांगले संरक्षण मिळते आणि त्यानंतर ते हळूहळू कमी होत जाते. म्हणजे आठ मीटर उंचीची रांग मागच्या साधारण ८० मीटर बागेला उपयोगी पडते. मोठ्या बागेत म्हणूनच ठरावीक अंतराने आणखी रांगा लागतात.

रांग वाऱ्याच्या दिशेला आडवी हवी. मराठवाड्यात पावसाळी वारे प्रामुख्याने पश्चिम व नैऋत्येकडून वाहतात. वळवाच्या वाऱ्याची दिशा मात्र त्या-त्या ढगावर अवलंबून असते. त्यामुळे पश्चिम आणि दक्षिण या दोन बाजूंना काटकोनात रांगा लावणे श्रेयस्कर. गेल्या काही वर्षांत आपल्या शिवारात झाडे कोणत्या दिशेला पडली, याची आठवण जुन्या माणसांना असते. तीही विचारात घ्यावी.

वारारोधक म्हणून सुरू, बांबू, करंज, जांभूळ, गिरिपुष्प व शेवरी ही झाडे उपयोगी आहेत. एकाच उंचीची एकच रांग लावण्याऐवजी बाहेरच्या रांगेत बुटकी व आतल्या रांगेत उंच झाडे तिरकस अंतराने लावावीत, म्हणजे बुंध्याजवळची जागा उघडी राहत नाही. खालून वारा शिरला तर तो नळीतून आल्यासारखा जोर धरतो. रांगेत खिंडार पडले तरी हाच परिणाम होतो, म्हणून मेलेल्या झाडांच्या जागी लगेच नांगे भरावेत. निलगिरी झपाट्याने वाढते, पण पाणीही तितकेच ओढते, हे टंचाईच्या भागात विसरू नये. शेवगा लवकर उंच होतो. मात्र त्याचे लाकूड ठिसूळ असल्याने वाऱ्यापुढे त्याचा भरवसा नाही. वारारोधक आणि फळझाडे यांच्यामध्ये पाच-सहा मीटर अंतर ठेवून दोन-अडीच फूट खोल चर काढला, तर मुळांची स्पर्धा कमी होते. या रांगेसाठी जमीन अडकते ही तक्रार खरी आहे. पण ती जमीन विम्याच्या हप्त्यासारखी समजावी.

पीक तशी काळजी

केळीचा बुंधा हा खरे तर पानांच्या देठांचा गुंडाळा. त्यात लाकूड नसते. घड भरल्यावर वरचा भार वाढतो आणि ती सहज कोलमडते. जळगाव जिल्ह्यातील रावेर, यावल, मुक्ताईनगर परिसराला मे-जूनमध्ये याचा अनुभव वारंवार येतो. अर्धापूर भागातील केळीलाही तोच धोका आहे. घड बाहेर पडताच दोन बांबूंची कैची करून किंवा प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी शेजारच्या बुंध्यांना जोडून आधार द्यावा. झाडांना मातीची भर द्यावी आणि बागेभोवती शेवरी किंवा गजराज गवताची दाट ओळ घ्यावी. पपईलाही मातीची भर व बांबूचा आधार आवश्यक असतो.

मोसंबी झाड म्हणून बुटके व चिवट असते. तिचा खरा धोका वादळानंतर सुरू होतो. हललेल्या बुंध्याभोवती पोकळी तयार होते, तीत पाणी साचते आणि डिंक्या रोगाचा शिरकाव होतो. डाळिंबाला अनेक खोडे ठेवण्याची पद्धत असल्याने एक मोडले तरी झाड राहते. मात्र फळांनी वाकलेल्या फांद्यांना तारेचा किंवा बांबूचा आधार लागतो. सीताफळ वाऱ्याला तुलनेने दाद देत नाही, त्यामुळे बालाघाटाच्या उघड्या उतारांवर त्याची निवड व्यवहार्य ठरते.

इशारा मिळाल्यावर

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातील ग्रामीण कृषी मौसम सेवा दर मंगळवारी व शुक्रवारी मराठवाड्यासाठी हवामान आधारित कृषी सल्ला प्रसिद्ध करते. भारतीय हवामानशास्त्र विभाग जिल्हानिहाय पिवळा, नारिंगी व लाल इशारा देतो. त्यात वाऱ्याचा अपेक्षित वेगही सांगितलेला असतो. विजेच्या पूर्वसूचनेसाठी ‘दामिनी’ हे मोबाइल अॅप उपलब्ध आहे.

इशारा मिळाल्यानंतर हाती एक-दोन दिवसच असतात. या वेळी पक्व फळे उतरवून घेणे हा सर्वांत मोठा लाभ. खांदे भरलेली व देठाजवळ खळगा पडलेली आंब्याची फळे तयार समजावीत. ती देठासह काढून सावलीत आणली, तर झाडावरचा भारही हलका होतो. काळ्या जमिनीत आदल्या दिवशी भरपूर पाणी देऊ नये. केळीचे आधार तपासावेत, शेडनेट व ठिबकच्या सुट्या नळ्या बांधून घ्याव्यात, वाळक्या लोंबत्या फांद्या काढाव्यात. मुख्य फांद्यांना मात्र या घाईत कोयता लावू नये. वारा सुटल्यावर आंबे वेचायला बागेत धावणे, किंवा माणसांनी व जनावरांनी झाडाखाली आसरा घेणे जिवावर बेतू शकते. विजेचे बळी या भागात मोसमी पावसापूर्वीच्या दिवसांतच मोठ्या प्रमाणावर जातात.

वादळानंतरचे पहिले आठ दिवस

वादळ शमल्यावर तुटलेल्या वीजतारांची खात्री करून घेतल्याखेरीज बागेत शिरू नये. त्यानंतरचे पहिले काम कुऱ्हाडीचे नसून पोत्यांचे आहे. उघड्या पडलेल्या मुळांवर ओली पोती किंवा ओले पाचट झाकावे. मे महिन्याच्या उन्हात मुळे काही तासांत वाळतात. मग झाडांची तीन गटांत विभागणी करावी : नुसती कललेली, एका बाजूची मुळे शाबूत असलेली आणि पूर्ण उन्मळलेली.

कललेली तरुण झाडे सर्वांत आधी उचलावीत. मुळांच्या बाजूचा खड्डा मोकळा करावा, फाटलेली मुळे धारदार हत्याराने साफ कापावीत, बुंध्याला पोते गुंडाळून दोराने किंवा चेनपुलीने झाड हळूहळू सरळ करावे. ट्रॅक्टरने हिसका दिला तर उरलेली मुळेही तुटतात. माती भरून दाबावी, पाणी द्यावे व तीन बाजूंनी ताण किंवा टेकू देऊन झाड किमान वर्षभर स्थिर ठेवावे. मुळे कमी झाल्याने पानोराही एक तृतीयांश ते निम्मा कमी करणे क्रमप्राप्त असते.

पूर्ण उन्मळलेले मोठे आंब्याचे झाड उभे करण्याचा खर्च अनेकदा वाया जातो. मात्र बुंध्याची काही मुळे जमिनीत जिवंत असतील, तर झाड खाली कापून खुंट राखावा. त्याला फुटवे येतात. त्यातील जोमदार तीन-चार ठेवून त्यांवर केशराचे कलम करता येते. जुन्या मुळांच्या बळावर असे झाड नव्या रोपाच्या मानाने लवकर फळावर येते.

चिरलेली फांदी तीन कापांत काढावी. पहिला काप बुंध्यापासून फूटभर अंतरावर खालून, दुसरा त्याच्या थोडा पुढे वरून आणि तिसरा उरलेला खुंट बुंध्याजवळच्या फुगीर कड्याला धरून. असे केल्याने साल बुंध्यापर्यंत सोलत जात नाही. जखमांवर बोर्डो मलम लावावे. एक किलो मोरचूद व एक किलो कळीचा चुना दहा लिटर पाण्यात, असे त्याचे प्रमाण आहे. संपूर्ण झाडावर एक टक्का बोर्डो मिश्रण फवारावे, म्हणजेच तेवढीच मोरचूद व तेवढाच चुना शंभर लिटर पाण्यात. उन्हात उघड्या पडलेल्या बुंध्याला चुन्याचा हात द्यावा. झाड सावरेपर्यंत नत्रयुक्त खताचा मोठा हप्ता देऊ नये. गळालेल्या कैऱ्या लोणचे, आमचूर व पन्ह्यासाठी त्याच दिवशी वेगळ्या कराव्यात. आपटलेली फळे पिकवण्याच्या अढीत मिसळली तर चांगलीही सडतात.

नोंद नसेल तर झाडही नाही

नुकसानीची मदत बागेत नव्हे, कागदावर ठरते. सातबाऱ्यावर फळबागेची व झाडांच्या संख्येची नोंद नसेल, तर पडलेले झाड सिद्ध करणे अवघड जाते. ऑगस्ट २०२१ पासून राज्यात सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत ही नोंद शेतकरी स्वतः मोबाइलवरून करू शकतो. वादळानंतर साफसफाईपूर्वी प्रत्येक पडलेल्या झाडाची छायाचित्रे घ्यावीत आणि ग्राम महसूल अधिकारी (पूर्वीचे तलाठी) व सहायक कृषी अधिकारी (पूर्वीचे कृषी सहायक) यांना कळवून पंचनामा करून घ्यावा.

आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२ ते २०२६ या कालावधीसाठीच्या निकषांत बहुवार्षिक पिकांचे ३३ टक्के वा अधिक नुकसान झाल्यास हेक्टरी २२,५०० रुपये, दोन हेक्टरांच्या मर्यादेत, अशी तरतूद करण्यात आली. ४०० झाडांच्या घन बागेला ही रक्कम वाटली, तर एका झाडाच्या वाट्याला साठ रुपयेही येत नाहीत. दहा वर्षांची मेहनत या हिशेबात कोठेच धरलेली नसते. पुनर्रचित हवामान आधारित फळपीक विमा योजनेत केळीसाठी वेगाचा वारा हा स्वतंत्र धोका मानलेला आहे आणि गारपिटीचे संरक्षण जादा हप्ता भरून घेता येते. फेब्रुवारी-मार्च २०१४ मधील गारपिटीने मराठवाड्याची जी दैना केली, ती पाहता हे संरक्षण दुर्लक्षिण्याजोगे नाही. कोणत्या जिल्ह्यात कोणत्या फळाला कोणता धोका लागू आहे, हे त्या-त्या हंगामाच्या शासन निर्णयात दिलेले असते. हप्ता भरण्यापूर्वी ते वाचावे. वैयक्तिक पंचनाम्यावर ठरणाऱ्या नुकसानीची सूचना विमा कंपनीला ७२ तासांच्या आत द्यावी लागते. मदत आणि विमा हे आधार आहेतच. पण ते झाडाची जागा घेऊ शकत नाहीत.

अंगणातील झाडांसाठी

शहरात अंगणात आंबा, नारळ वा जांभूळ जपणाऱ्यांनाही हीच तत्त्वे लागू पडतात. बुंध्यालगत फरशी किंवा काँक्रीट घालणे, पाइपासाठी एका बाजूची मुळे तोडणे आणि वर्षानुवर्षे छाटणी न करणे, ही शहरी झाडे पडण्याची नेहमीची कारणे आहेत. बुंध्याभोवती निदान एक मीटर माती मोकळी ठेवावी. पालिका हद्दीतील झाडे तोडण्यास व छाटण्यास महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू आहे. त्यामुळे मोठ्या छाटणीपूर्वी पालिकेची परवानगी घ्यावी.

वर्षाचे वेळापत्रक

जून-जुलैत फळे उतरल्यावर छाटणी, नांगे भरणे व वारारोधकाची लागवड. ऑगस्ट-सप्टेंबरात पाण्याचा निचरा आणि कललेल्या झाडांना आधार. ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये खोडकिडा, साल खाणारी अळी व वाळवीचा बंदोबस्त, तसेच विम्याची मुदत पाहणे. जानेवारी-फेब्रुवारीत पोकळ बुंधे व अरुंद बेचके शोधून खुणा करणे. मार्चमध्ये ठिबकच्या नळ्यांची जागा तपासणे व आच्छादन, म्हणजे काळ्या जमिनीला भेगा कमी पडतात. एप्रिल-मेमध्ये रोज आकाशाकडे आणि हवामानाच्या इशाऱ्याकडे लक्ष, तर रोहिणी नक्षत्र लागण्यापूर्वी तयार फळांची काढणी.

यातील एकही काम महागडे नाही, पण एकही काम वारा सुटल्यानंतर करता येण्याजोगे नाही. वळवाचा वारा दर वर्षी येणारच. एखाद्या वर्षी तो फळे घेऊन जाईल; झाड मात्र जागेवर राहिले, तर पुढच्या माघात त्याच फांद्यांवर पुन्हा मोहोर येईल.